‘सेशन’ केव्हा असते, ‘रिक्वेस्ट’ केव्हा नसते?

संकेतस्थळावरचा लांबलचक अर्ज भरता भरता मधेच दूरध्वनी येतो, जुनी कागदपत्रे शोधण्यात अर्धा तास निघून जातो आणि ‘पुढे’ हे बटण दाबताच पडद्यावर ‘आपले सेशन संपले आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा’ अशी सूचना झळकते. भरलेले सारे पाण्यात! हा अनुभव महाजालावर वावरणाऱ्या बहुतेकांच्या परिचयाचा आहे. त्याहून गंभीर प्रकार क्वचित घडतो. लॉगिन एकाने केलेले असते आणि पडद्यावर नाव उमटते भलत्याचेच. हे दोन्ही प्रकार वरकरणी वेगळे वाटले, तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो. सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाताशी कोणत्या क्षणी कोणती माहिती असते, आणि ती नेमकी कोणाची असते?

वेब ॲप्लिकेशनच्या भाषेत या माहितीच्या वाहकांना ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात, तर विशिष्ट क्षणी आपोआप चालवल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्याला ‘इव्हेंट हँडलर’. ॲप्लिकेशन सुरू झाले, नवा वापरकर्ता आला, त्याने बटण दाबले, तो निघून गेला, अशी प्रत्येक बाब म्हणजे एक घटना. प्रत्येक घटनेच्या वेळी सर्वच ऑब्जेक्ट उपलब्ध असतात, असा समज प्रोग्रॅम लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्यांमध्ये सर्रास आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. काही घटना घडतात तेव्हा ‘रिक्वेस्ट’ जन्मालाच आलेली नसते, तर काही घडतात तेव्हा ‘रिस्पॉन्स’ केव्हाच रवाना झालेला असतो.

विसराळू संकेत

हा सारा खटाटोप मुळात करावा लागतो तो महाजालाच्या एका मूलभूत गुणधर्मामुळे. एचटीटीपी या संकेतप्रणालीला स्मरणशक्ती नाही. ब्राउझर एक मागणी पाठवतो, सर्व्हर एक उत्तर देतो आणि तो व्यवहार तिथेच संपतो. पुढची मागणी त्याच व्यक्तीकडून आली आहे, हे सर्व्हरला मुळातून कळत नाही. कचेरीच्या खिडकीवर दर वेळी नवा कारकून बसावा आणि त्याने प्रत्येक वेळी ‘आपले नाव काय?’ असे विचारावे, तसा हा प्रकार. यावर उपाय म्हणून कुकी आली. ब्राउझरकडे एक क्रमांक देऊन ठेवायचा, त्याने दर मागणीबरोबर तो दाखवायचा आणि त्या क्रमांकाखाली सर्व्हरने आपल्याकडे त्या व्यक्तीची माहिती जपायची. या जपलेल्या माहितीलाच सेशन म्हणतात.

डिसेंबर १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आयआयएस ३.० या वेब सर्व्हरबरोबर ‘ॲक्टिव्ह सर्व्हर पेजेस’ अर्थात एएसपी आणले. त्याआधी सीजीआय पद्धतीत मागणीगणिक सर्व्हरवर स्वतंत्र प्रोग्रॅम सुरू होत असे आणि आलेल्या मजकुराची फोड प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच करावी लागे. एएसपीने पाच ऑब्जेक्ट तयार करून हाती ठेवली. ‘रिक्वेस्ट’मध्ये ब्राउझरने पाठवलेले सारे, ‘रिस्पॉन्स’मध्ये त्याला पाठवायचे ते, ‘सर्व्हर’मध्ये यंत्राशी संबंधित सोयी, ‘सेशन’मध्ये एका वापरकर्त्यापुरती माहिती आणि ‘ॲप्लिकेशन’मध्ये सर्वांना सामाईक माहिती. पुढे व्यवहार सांभाळणारे ‘ऑब्जेक्ट कॉन्टेक्स्ट’ आणि २००० मध्ये विंडोज २००० सोबत आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ‘एएसपी एरर’ यांची भर पडून ही संख्या सातवर गेली.

हजेरीचा तक्ता

या सात जणांची खरी परीक्षा होते ती ‘ग्लोबल डॉट एएसए’ या फाइलमध्ये. संपूर्ण ॲप्लिकेशनच्या चार महत्त्वाच्या घटनांचे हँडलर याच फाइलमध्ये लिहिले जातात. पहिली घटना ‘ॲप्लिकेशन ऑनस्टार्ट’. ही घडते तेव्हा फक्त ‘ॲप्लिकेशन’ आणि ‘सर्व्हर’ ही दोनच ऑब्जेक्ट हाताशी असतात. कारण उघड आहे. पंगत बसण्यापूर्वी स्वयंपाक उरकता येतो, पण पहिल्या पानावर कोण बसणार आणि त्याला काय वर्ज्य आहे, हे तेव्हा विचारता येत नाही. खरे तर पहिल्या वापरकर्त्याच्या मागणीमुळेच ॲप्लिकेशन जागे होते. तरीही नियमानुसार ही घटना त्या व्यक्तीची नसून साऱ्या ॲप्लिकेशनची असते.

दुसरी घटना ‘सेशन ऑनस्टार्ट’. ही सर्वांत सधन म्हणावी लागेल. नवा वापरकर्ता प्रत्यक्ष दाराशी उभा असतो, त्याची मागणी हाती असते आणि उत्तर अजून जायचे असते. त्यामुळे रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, सेशन, सारेच उपलब्ध असते. वापरकर्त्याची भाषा ठरवणे, त्याला लॉगिनच्या पानाकडे वळवणे अशी कामे येथे बिनदिक्कत करता येतात.

‘सेशन ऑनएंड’ या तिसऱ्या घटनेत मात्र चित्र पालटते. येथे ‘ॲप्लिकेशन’, ‘सर्व्हर’ आणि ‘सेशन’ एवढीच ऑब्जेक्ट उरतात. सेशन संपते ते बहुधा मुदत उलटल्यामुळे, म्हणजे वापरकर्त्याकडून ठरावीक काळ काहीच मागणी न आल्यामुळे. मागणीच नाही, तर रिक्वेस्ट कोठून असणार? आणि समोर कोणी नाही, तर रिस्पॉन्स कोणाला पाठवणार? ‘तुमचे सेशन संपले’ असा संदेश याच हँडलरमधून दाखवण्याचा प्रयत्न अनेक जण करून पाहतात आणि तो का उमटत नाही म्हणून बुचकळ्यात पडतात. ती सूचना दाखवावी लागते वापरकर्त्याच्या पुढच्या मागणीच्या वेळी. या घटनेत ‘सर्व्हर’ ऑब्जेक्ट असले तरी त्याची ‘मॅपपाथ’ ही सोय, म्हणजे संकेतस्थळावरील पत्त्यावरून डिस्कवरची जागा शोधण्याची, वापरता येत नाही. हा बारकावा सहज नजरेतून सुटतो. ज्या फाइलचा मार्ग शेवटी लागणार असेल, तो आधीच शोधून ॲप्लिकेशनमध्ये ठेवणे हा त्यावरचा रूढ उपाय.

चौथी ‘ॲप्लिकेशन ऑनएंड’. ती पहिल्यासारखीच. दोन ऑब्जेक्ट, आणि त्यातही मॅपपाथ बंद.

‘सध्या ऑनलाइन : ४३’

२००० च्या दशकात संकेतस्थळाच्या तळाशी ‘सध्या ऑनलाइन’ असा आकडा दाखवण्याची मोठी हौस होती. त्याची कृती पाठ्यपुस्तकात शोभावी इतकी सोपी. सेशन सुरू होताच सामाईक आकडा एकने वाढवायचा, संपताच एकने कमी करायचा. दोन जण एकाच क्षणी आल्यास घोळ होऊ नये म्हणून तेवढ्यापुरते ‘ॲप्लिकेशन’ ऑब्जेक्टला कुलूप लावायचे आणि काढायचे. कृती बरोबर असली तरी आकडा जवळजवळ नेहमीच चुकीचा असे. वापरकर्त्याने ब्राउझर बंद केला, हे सर्व्हरला कोणीच कळवत नाही. त्यामुळे दोन मिनिटे डोकावून गेलेली व्यक्तीही मुदत संपेपर्यंत ‘ऑनलाइन’च राही.

आकडा चुकला म्हणून कोणाचे बिघडत नाही. पण हीच कल्पना गंभीर कामासाठी वापरली जाते, तेव्हा नुकसान खरे असते. एखाद्या कर्मचाऱ्याने नोंद दुरुस्तीसाठी उघडली की ती इतरांसाठी बंद करायची आणि त्याचे सेशन संपले की मोकळी करायची, अशी रचना अनेक कार्यालयीन ॲप्लिकेशनमध्ये आढळते. सेशन संपल्याची घटना घडलीच नाही, तर ती नोंद अडकून पडते आणि खिडकीवरील माणसाला ‘उद्या या’ असे ऐकावे लागते. ही घटना हमखास घडेल, अशी खात्री देता येत नाही. सर्व्हरचा वीजपुरवठा अकस्मात खंडित झाल्यास ती कोण चालवणार?

जानेवारी २००२ मध्ये आलेल्या एएसपी डॉट नेटमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर सुटला. येथे सेशन तीन ठिकाणी जपण्याची सोय झाली : प्रोग्रॅमच्या स्वतःच्या स्मृतीत, स्टेट सर्व्हर नावाच्या वेगळ्या सेवेत किंवा एसक्यूएल सर्व्हरच्या विदागारात. पहिल्या प्रकारात प्रक्रिया पुन्हा सुरू झाली की साऱ्यांची सेशन एका फटक्यात नाहीशी होतात. २००३ च्या आयआयएस ६.० पासून तर सर्व्हर स्वतःहून दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, प्रक्रिया नव्याने सुरू करतो. मूळ मांडणीच तशी आहे. यातून वाचण्यासाठी सेशन बाहेर हलवावे, तर ‘सेशन एंड’ ही घटना त्या दोन्ही प्रकारांत घडतच नाही. ती फक्त स्वतःच्या स्मृतीतील सेशनसाठी आहे. चाचणीच्या यंत्रावर पहिला प्रकार आणि प्रत्यक्ष वापरात तिसरा, अशी स्थिती असेल तर हँडलर चाचणीत निमूट चालतो आणि प्रत्यक्षात त्याला कोणी हाकच मारत नाही. नोंद मोकळी करण्याचे काम त्यामुळे या घटनेवर सोपवूच नये. नोंद केव्हा उघडली याची वेळ विदागारात लिहावी आणि ठरावीक काळानंतर ती आपोआप मोकळी मानावी, हे अधिक शहाणपणाचे.

देवनागरीची प्रश्नचिन्हे

मराठी संकेतस्थळांच्या दृष्टीने या ऑब्जेक्टचा आणखी एक पैलू महत्त्वाचा ठरला. युनिकोड रुळण्यापूर्वी बरीच मराठी संकेतस्थळे आपापल्या फॉन्टवर चालत आणि तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अगम्य रोमन अक्षरे दिसत. युनिकोड स्वीकारल्यानंतरही एएसपीमध्ये नवी अडचण उभी राहिली. एएसपी आतून युनिकोड पाळते, पण मजकूर बाहेर पाठवताना आणि आत घेताना तो सर्व्हरच्या कोडपेजमधून गाळला जातो. कोडपेज पाश्चात्त्य भाषांचे असेल तर त्यात देवनागरीला जागाच नसते आणि प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह उमटते. ‘महाराष्ट्र’ लिहावे आणि प्रश्नचिन्हांची माळ दिसावी, हे दृश्य त्या काळी नवे नव्हते. शिवाय विदागारात जे गेले तेही प्रश्नचिन्हच, त्यामुळे मूळ मजकूर परत मिळण्याची आशा नाही.

यावरचा उतारा म्हणजे ६५००१, अर्थात यूटीएफ-८ चे कोडपेज. ते प्रत्येक पृष्ठाच्या माथ्यावर लिहिता येते किंवा सेशनच्या ‘कोडपेज’ या गुणधर्मात भरता येते. एकदाच ठरवून टाकावे या हेतूने हे काम ॲप्लिकेशन सुरू होतानाच्या हँडलरमध्ये करायला जावे, तर तिथे सेशन नाही आणि रिस्पॉन्सही नाही. त्याची योग्य जागा सेशन सुरू होतानाची. एएसपी डॉट नेटने मूळ मांडणीतच यूटीएफ-८ स्वीकारल्याने हा त्रास पुष्कळसा सरला.

घटनांची साखळी

एएसपी डॉट नेटची आखणी मार्क अँडर्स आणि स्कॉट गथ्री या दोघांनी केली. त्यात चार घटनांच्या जागी प्रत्येक मागणीसाठी घटनांची लांब साखळी आली. मागणीचा आरंभ, ओळख पटवणे, परवानगी तपासणे, साठवलेले उत्तर शोधणे, सेशन मिळवणे, मग प्रत्यक्ष पृष्ठ चालवणे, सेशन परत ठेवणे आणि मागणीची अखेर. रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, सेशन, वापरकर्ता या साऱ्यांना एकत्र बांधणारे ‘एचटीटीपी कॉन्टेक्स्ट’ हे ऑब्जेक्ट या संपूर्ण प्रवासात सोबत असते. पण त्याच्या आतील कप्पे एकेक करून भरले जातात, हे ध्यानात ठेवायला हवे. ‘बिगिन रिक्वेस्ट’ या पहिल्या घटनेत वापरकर्त्याची ओळख अद्याप पटलेली नसते. सेशनचा कप्पा तर ‘ॲक्वायर रिक्वेस्ट स्टेट’ या टप्प्यानंतरच भरतो.

याचा सर्वांत फसवा परिणाम दिसतो तो ‘ॲप्लिकेशन एरर’ या हँडलरमध्ये. कोठेही चूक झाली की हा हँडलर चालतो. ती कोणाच्या बाबतीत झाली हे टिपून ठेवण्यासाठी सेशनमधील नाव वाचावे, असे कोणालाही वाटेल. मात्र मूळ चूक सेशन मिळण्यापूर्वीच झाली असेल, तर ते वाचण्याचा प्रयत्नच नवी चूक निर्माण करतो. मूळ चूक बाजूला राहते आणि नोंदवहीत ‘या संदर्भात सेशन उपलब्ध नाही’ एवढेच उरते. आग विझवायला निघालेल्या बंबानेच पेट घ्यावा, तसे हे आहे. सेशन आहे की नाही, हे आधी तपासणे हाच त्यावरचा साधा इलाज.

२००८ मध्ये विंडोज सर्व्हरबरोबर आयआयएस ७.० रुजू झाल्यावर अनेक जुनी ॲप्लिकेशन सुरू होतानाच कोसळू लागली. तोपर्यंत ‘ॲप्लिकेशन स्टार्ट’ या हँडलरमध्ये पहिल्या मागणीची रिक्वेस्ट हाती लागत असे. ती त्या घटनेची नव्हेच, हे तत्त्व जुन्या एएसपीने पाळले होते. डॉट नेटमध्ये ते सैल पडले होते. अनेकांनी त्या रिक्वेस्टवरून संकेतस्थळाचा पत्ता वगैरे वाचून ठेवला होता. नव्या सर्व्हरच्या एकात्मिक पद्धतीत हे दार बंद झाले आणि ‘या संदर्भात रिक्वेस्ट उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळू लागले. जुन्या पद्धतीकडे परत जाण्याची मुभा होती. अनेकांनी तीच घेतली. योग्य मार्ग मात्र ते काम पहिल्या प्रत्यक्ष मागणीपर्यंत लांबवण्याचा होता.

पृष्ठाच्या पोटातही अशीच एक छोटी साखळी असते. ‘इनिट’मध्ये पृष्ठावरील घटक तयार होतात, ‘लोड’पूर्वी त्यांच्यात मागील स्थिती भरली जाते, मग बटण दाबल्याचा हँडलर चालतो, त्यानंतर चित्रण होते आणि शेवटी ‘अनलोड’. मागील स्थिती वाहून आणणारा ‘व्ह्यूस्टेट’ ‘इनिट’मध्ये वाचायला गेल्यास रिकामा मिळतो. ‘अनलोड’मध्ये रिस्पॉन्समध्ये काही लिहू पाहिल्यास चूक पदरी पडते, कारण उत्तराची रचना तोवर पुरी झालेली असते.

एकाचे ताट दुसऱ्यापुढे

आता दुसऱ्याचे नाव दिसण्याच्या प्रकाराकडे. यामागे बहुतेक वेळा कोणी घुसखोर नसतो. सेशनमध्ये ठेवायची वस्तू सामाईक जागी ठेवली गेलेली असते. व्हिज्युअल बेसिकवर पोसलेल्या पिढीला ‘मॉड्यूल’मध्ये सार्वजनिक व्हेरिएबल ठेवण्याची सवय होती. टेबलावरील संगणकात प्रोग्रॅम एकच माणूस चालवतो, तिथे ते निर्धोक होते. तोच प्रोग्रॅम एएसपी डॉट नेटमध्ये आणल्यावर मॉड्यूलमधील व्हेरिएबल साऱ्या वापरकर्त्यांत एकच ठरते. सी शार्पमधील ‘स्टॅटिक’ची गोष्ट तीच. एकाने लॉगिन केले, त्याचे खाते त्या जागी लिहिले गेले. दुसऱ्याने क्षणभरात लॉगिन करून ते पुसले. पहिल्याने पान उलगडले, तर समोर दुसऱ्याचे खाते. तपासणाऱ्याच्या यंत्रावर एकटाच वापरकर्ता असल्याने ही चूक चाचणीत दिसत नाही. गर्दीच्या दिवशीच ती प्रकटते. निकालाचा दिवस, अर्जाची शेवटची तारीख, अशा वेळी.

एका मागणीपुरती माहिती ठेवायची असेल तर कॉन्टेक्स्टमधील ‘आयटम्स’ हा कप्पा, एका व्यक्तीपुरती असेल तर सेशन, आणि खरोखर सर्वांची असेल तरच ‘ॲप्लिकेशन’ किंवा ‘कॅश’, अशी ही वाटणी आहे. शेवटच्या दोहोंतही फरक आहे. स्मृती अपुरी पडू लागली की ‘कॅश’मधील माहिती सर्व्हर स्वतःहून काढून टाकतो, त्यामुळे ती तिथे असेलच असे गृहीत धरता येत नाही. एकाच व्यक्तीच्या दोन मागण्या एकदम आल्या, तर सेशनला कुलूप लागते आणि दुसरीला थांबावे लागते. एकाच माणसाने दोन खिडक्या उघडल्यावर संकेतस्थळ मंद वाटते, त्याचे एक कारण हेही असू शकते.

जावाच्या जगातही हीच कथा थोड्या फरकाने दिसते. जावा सर्व्हर पेजेसमध्ये नऊ ऑब्जेक्ट न मागता मिळतात. त्यांपैकी ‘एक्सेप्शन’ हे फक्त चुकीसाठी राखून ठेवलेल्या पृष्ठावरच उपलब्ध असते. सेशन नष्ट झाल्याची वर्दी पूर्वी ते निकामी झाल्यावर मिळे. २००३ च्या सर्व्हलेट २.४ या आवृत्तीपासून ती आधी मिळू लागली, म्हणजे त्यातील माहिती निदान शेवटची वाचता तरी येते.

नव्या रचनेत

२०१६ मध्ये आलेल्या एएसपी डॉट नेट कोअरने जुन्या फाइलला आणि ‘सेशन एंड’लाही रजा दिली. कोठूनही हाक मारून कॉन्टेक्स्ट मिळवण्याची जुनी सोयही काढण्यात आली. आता ते ज्याला हवे त्याच्या हाती थेट दिले जाते किंवा त्यासाठी रीतसर मागणी नोंदवावी लागते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने हे काहीसे जाचक आहे, पण कोणता तुकडा कशावर अवलंबून आहे, हे त्यामुळे वाचणाऱ्याला दिसते. सेशनची मूळ मुदत मात्र येथेही वीस मिनिटांचीच आहे. उत्तर जायला एकदा सुरुवात झाली की त्याचे शीर्ष बदलता येत नाही, हा नियमही कायम आहे. मागणी संपल्यानंतर पार्श्वभूमीवर चालू राहणाऱ्या कामाने तोच कॉन्टेक्स्ट वापरू नये, ही नव्या काळातील सर्वांत महत्त्वाची सूचना ठरते. ईमेल पाठवण्यासारखे काम मागे सोडताना त्यातून हवे ते आधीच काढून घ्यावे लागते.

जुने एएसपी विंडोज सर्व्हरमध्ये ऐच्छिक घटक म्हणून टिकून राहिले. त्याची नेहमीची भाषा असलेल्या व्हीबीस्क्रिप्टला निरोप देण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केला आणि विंडोजमधून ती पुढे टप्प्याटप्प्याने काढली जाणार असल्याचे सांगितले. ज्या कार्यालयांची कामे अद्याप ‘ग्लोबल डॉट एएसए’वर चालतात, त्यांना स्थलांतरापूर्वी त्या फाइलमधील चारही हँडलर एकदा वाचून काढावे लागतील. ‘सेशन ऑनएंड’मध्ये काय लिहिले आहे, ते सर्वांत आधी, कारण नव्या घरात त्या नावाची खोलीच नाही.